निंबाजी नाईकांचे एका शब्दाने दरबार बसला त्याची हकीकत

श्रीगजवदन समर्थ. ज्यास सोंड आहे त्यास स्वमुखे स्वतःची तारीफ करावी लागत नाही, त्या देवास नमन करोन लिहिले ऐसे जे, शके सोळाशे एकवीस, प्रमाथी नाम संवत्सरे, वैशाख मासी निंबाजी नाईक राज्याचे मुख्य वक्ते जाहले. परंतु हे वर्तमान शेवटी यावयाचे, येथे अद्याप जाहलेच नाही. कोणी ऐकिले असल्यास विसरावे.

ते राज्यी हत्तींचा पीलखाना थोर, आणि निंबाजी तेथील नायब, हत्तींचे जिवलग, आणि माणूस दिसताच ओठास कुलूप. मग पीलखान्याचे दरोगे वारले आणि जागा रिकामी पडली. राज्याची चाल ऐसी की, ज्यास बढती हवी त्याणे, आणि नायबाने तर हटकोन, भर दरबारी स्वतःची ललकारी स्वतःच द्यावी, आणि ज्यास न साधे त्यास उंटखान्यात धाडावे. नाईकांस उंटांचे वावडे नव्हते, परंतु धुंडिराज नामे हत्ती त्यांचे हातावाचून घास घेत नसे, तो उपाशी मरेल म्हणोन नाईकांचा जीव टांगणीस लागला. मग त्यांची बायको लाडूबाई म्हणाली, "अहो, तो डोंगराएवढा धुंडिराज तुमच्या एका शब्दात बसतो. आणि शेजारचे तात्या दारी आले की तुम्ही कणगीमागे लपता. माणसे काय हत्तीहून मोठी?"

नाईक म्हणाले, "हत्ती 'स्वतःविषयी दोन शब्द सांगा' ऐसे म्हणत नाही."

"मग दरबारात हत्तीच बसलेत समजा. प्रधानजींचे कान तर तसेच आहेत."

मग दरबार भरला आणि पहिले दमाजी गर्जे उठले. त्यांणी हत्ती लांबोनच पाहिला होता, परंतु आवाज नगाऱ्याचा. "आम्ही जन्मलो आणि सुइणीने मुजरा केला," येथोन आरंभ केला आणि दुपार जाहली तरी मुंजीपर्यंत पोचेनात. मग महाराज भोजनास जावे म्हणोन अर्धे उठले, तोच नाईकांचा पुकारा जाहला. नाईकांणी डोळे किलकिले करोन प्रधानजींचे कान पाहिले, आणि पाहता पाहता अवघा दरबार पीलखाना दिसो लागला. मग नाईक हळूच, नित्याच्या आवाजात म्हणाले, "बैस."

महाराज बसले. प्रधान बसले. ज्या चोपदारांचे घराण्यात दरबारी कोणी कधी बसले नव्हते, तेही बसले. ऐसी शांतता राज्य स्थापिल्यापासोन कोणी ऐकिली नव्हती. मग नाईक सवयीने पुढे गेले आणि प्रधानजींचे कानामागे खाजविले आणि कमरेच्या पुरचुंडीतील गुळाचा खडा महाराजांस भरविला, आणि महाराजांनी तो खाल्ला. सभेच्या अंगावर काटा आला. दमाजी शेजारच्या मानकऱ्यास कुजबुजले, "आत्मविश्वास म्हणतात तो हाच की काय?"

मानकरी म्हणाला, "गप बस, नाही तर तुलाही खाजवतील."

मग महाराज गूळ गिळोन बोलिले, "ऐसा पुरुष हत्तींत घालविणे म्हणजे राज्याचे नुकसान. नाईक, आजपासोन तुम्ही मुख्य वक्ते. नित्य दरबारी बोलत जावे. पीलखाना दमाजींकडे." नाईक नको म्हणणार होते, परंतु तोवर समोर पुन्हा माणसे दिसो लागली आणि शब्द घशातच राहिला. सभेने तो थोर पुरुषाचा विनय मानिला आणि उठोन मुजरे केले.

येणेप्रमाणे नाईक मोठ्या पदास चढले, दमाजी हत्तींस आपली जन्मकथा सांगतात, आणि धुंडिराज उपाशी आहे. सबब हुजूर अर्ज ऐसा जे, यापुढील दरबार पीलखान्यात भरवावा, हत्तींस बैठका द्याव्या, आणि समस्त मानकरी मंडळींस मानाप्रमाणे बाहेर खुंट्यांस बांधावे, म्हणजे मुख्य वक्ते बोलतील आणि धुंडिराज जेवील. मंजुरी आजच्या आज व्हावी.