सहभागी बेचाळीस फोन उचलत नाहीत

सार्वजनिक पैशातून कुणाची विचारपूस करायची झाली, तर ती नीतिमत्तेला धरूनच व्हायला हवी, याबद्दल सुजाण माणसांत दुमत नाही. (घरगुती विचारपूस लोक अजूनही मनाला येईल तशी, मनाला येईल तेव्हा करतात. तिचे परिणाम कुणी तपासलेले नाहीत.) ‘एकट्या वृद्धांचा एकटेपणा : एक दीर्घकालीन अभ्यास’ या प्रकल्पात ती संशोधन सहायक म्हणून रुजू झाली, तेव्हा आधीची सहायक टेबलाचा खण रिकामा करता करता तिला म्हणाली होती, “एक सांगून ठेवते. फोनवर कुणाला बाळाचं नाव सांगू नकोस.”

“का गं?”

“अडकशील.”

तिनं ते हसण्यावारी नेलं. नोकरी सोडून जाणारी माणसं जाता जाता काहीबाही बोलतातच. शिवाय तिचं बाळ पाळणाघरात नवं होतं, तिचा अर्धा जीव तिकडे असायचा, आणि काळजी करायला तिच्याकडे आधीच भरपूर विषय होते. त्यांत हा आणखी एक कुठे बसवायचा?

मुळात ती सावध बाई. बाळ झोपलं की नाकापाशी बोट धरून श्वास बघणारी. पाळणाघराचा फोन तिसऱ्या रिंगलाही उचलला गेला नाही, तर चपला शोधायला लागणारी. “अगं, ताई लंगोट बदलत असतील,” असं नवरा म्हणायचा, आणि ताई खरंच लंगोट बदलत असायच्या. दर वेळी तसंच निघालं, म्हणून तिची काळजी कमी झाली असं मात्र नाही. अशा स्वभावाच्या बाईला नियम पाळण्याच्या कामावर घेणं, ही संस्थेची दूरदृष्टीच म्हणायची.

प्रकल्पाची रचना निर्दोष होती. एकट्या राहणाऱ्या साठ वृद्धांना दर आठवड्याला फोन करायचा, किती एकटं वाटतं ते एक ते दहा या मापात विचारायचं आणि फोन ठेवून द्यायचा. या तीन क्रियांना सांभाळणारी नियमावली मात्र चांगली जाडजूड होती. सहभागींना नावानं हाक मारायची नाही, क्रमांकानं मारायची. त्यामुळे त्यांचा सन्मान अबाधित राहतो. प्रत्येक फोनच्या सुरुवातीला संमतीचं निवेदन पूर्ण वाचायचं. ‘आपण कधीही, कोणतंही कारण न देता या अभ्यासातून बाहेर पडू शकता’ हे वाक्य त्यात चार वेळा येई. (काही आजोबांना वाटे की आपल्याला काढून टाकतायत. ते माफी मागत.) माहिती जनतेच्या पैशातून गोळा झालेली असल्यामुळे ती सर्वांना खुली असली पाहिजे, आणि खासगी असल्यामुळे ती कुणालाही दिसता कामा नये, म्हणून ती एका खुल्या संकेतस्थळावर कुलूपबंद ठेवली होती. हितसंबंधांच्या प्रतिज्ञापत्रात तीन प्रश्न होते. आपण वृद्ध आहात का? आपल्या घरी कुणी वृद्ध आहे का? भविष्यात वृद्ध होण्याचा आपला विचार आहे का? तिसऱ्यापुढे तिनं ‘अद्याप ठरलेलं नाही’ असं लिहिलं. ते मान्य झालं.

या सगळ्यावर देखरेख ठेवायला एक सचोटी अधिकारी होते. नावाप्रमाणेच गृहस्थ. ऑफिसच्या चहात घालायला दूधसुद्धा स्वतःचं घरून आणत. सहभागींची नावं आणि पत्ते त्यांच्याच कपाटात असत. (किल्ली कुठे ठेवली आहे हे ते गोपनीयतेच्या कारणास्तव मनातल्या मनातही बोलत नसत.) तिच्या संगणकावर फक्त क्रमांक दिसायचा, तो दाबला की फोन आपोआप लागायचा.

बेचाळीस दाबलं की एका आजींना लागायचा. त्या दुसऱ्याच रिंगला उचलायच्या, कारण फोनच्या दिवशी सकाळपासून तो मांडीवर घेऊन बसलेल्या असायच्या. (हे त्यांनी आपणहून सांगितलं. विचारणं नियमात बसत नाही.) निवेदन चालू असताना त्या “हं, हं, पुढे” असं म्हणत राहायच्या, जणू लहान मुलीला पाढे म्हणायला लावलेत.

एकदा निवेदनाच्या ऐन मध्यावर तिचा स्वतःचा मोबाइल वाजला. पाळणाघरातल्या ताई होत्या. बाळ थांबतच नाही म्हणत होत्या. बाळही मागून तेच सांगत होतं.

“कोण रडतंय गं?” आजींनी विचारलं.

“कुणी नाही. सहभागी बेचाळीस, आपण कधीही, कोणतंही कारण न देता—”

“कारणबिरण राहू दे. दातांचं रडणं आहे ते. हिरडीवरून बोट फिरवा म्हणावं, स्वच्छ धुऊन. नाव काय ठेवलंयस?”

तिनं नाव सांगितलं.

पुढे जे झालं त्याला नियमावलीत ‘द्विपक्षीय आपुलकी’ म्हणतात, आणि ती पृष्ठभागावर दिसेपर्यंत आत बरीच पसरलेली असते. आजी दर आठवड्याला चौकशी करू लागल्या. दात वरचा की खालचा? रांगतं की नुसतं बुड घासतं? पाळणाघरातली बाई त्याच्याशी हसून बोलते ना? “आणि तू जेवलीस का? आवाजावरून नाही वाटत.” तिच्या आईनंतर हे कुणी आवाजावरून ओळखलं नव्हतं. आजींचा एकटेपणा आठावरून सहावर आला, सहावरून तीनवर. बाकी कुणाचाही आकडा जागचा हलला नव्हता. साहजिकच हा प्रकार उघडकीला आला.

प्रमुख संशोधकांनी तिला बोलावून घेतलं. “हे काय आहे?”

“त्यांना बरं वाटतंय, सर.”

“ते दिसतंय मला. पण आपण एकटेपणा मोजतोय ना, बाई? मोजता मोजता तुम्ही तो सांडून टाकलात, तर मोजायचं काय?”

नैतिकता समितीनं बेचाळीसचा आकडा दूषित ठरवला. निवेदन आणि प्रश्न यांपलीकडे एक अक्षर बोलायचं नाही, असा आदेश निघाला.

“काय म्हणतंय बाळ?” पुढच्या फोनवर आजींनी विचारलं.

“सहभागी बेचाळीस, एक ते दहा या मापात आपल्याला किती—”

“अगं, माझं काही चुकलं का?”

“एक ते दहा.”

“आठ लिही,” आजी म्हणाल्या.

समितीनं समाधान व्यक्त केलं.

त्यानंतरच्या आठवड्यात फोन वाजत राहिला. दुसरी रिंग गेली, तिसरी गेली, आपोआप बंद होईपर्यंत वाजला. तिनं पुन्हा लावला. पुन्हा. टेबलाखाली तिचा पाय चपला शोधू लागला होता. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तेव्हा ती सचोटी अधिकाऱ्यांच्या खोलीत गेली.

“बसा,” ते म्हणाले. ते खरंच चांगले गृहस्थ होते. स्वतःच्या दुधातला चहाही त्यांनी पुढे केला. “हे बघा, फोन न उचलणं हा त्यांचा हक्क आहे. तो त्यांनी बजावला. कारण द्यायची गरज नाही, आपणच तर त्यांना दर आठवड्याला सांगत होतो.”

“पण त्या पडल्या असतील तर?”

“पडायचाही—” ते थबकले. “म्हणजे तसं नव्हे. पण परवानगीशिवाय दार वाजवणं ही घुसखोरी होते.”

“मग परवानगी कशी घ्यायची?”

“फोन करून.”

“पोलिसांना कळवू?”

“काय म्हणून? बेचाळीस नंबर उचलत नाही म्हणून? नाव-पत्ता दिला की गोपनीयता मोडली. गोपनीयता मोडली की अनुदान थांबलं. बाकी एकोणसाठ माणसांना मग फोन कोण करणार?”

हे मात्र तिला लागलं. त्या एकोणसाठांतलेही बरेच जण फोन मांडीवर घेऊन बसत असणार.

तिनं मानवतेच्या कारणास्तव अपवाद करावा असा रीतसर अर्ज केला. समितीनं तो सहानुभूतीनं ऐकला. अपवादाला समितीवरच्या वृद्धांच्या प्रतिनिधींची संमती लागते, आणि ते आजोबा बऱ्याच बैठकांना आलेले नव्हते. आजवर त्यांचं न येणं म्हणजे होकार असं समिती धरत आली होती. त्याच होकारावर प्रकल्प मंजूर झाला होता. पण प्रकल्पात सहभागींचं न बोलणं म्हणजे नकार धरतात. तेव्हा या अर्जापुरतं त्यांचं न येणं कशात धरायचं, हे ठरवायला उपसमिती नेमण्यात आली. (त्या आजोबांना फोन करून बघावा, असं कुणीतरी सुचवलं. ते दबाव आणणं ठरलं असतं.)

मग ती माणसं शोधू लागली. नवऱ्याला पाठवावं, तर नियमावलीनुसार तो ‘निकटवर्तीय’. सासूबाई निकटवर्तीय तर होत्याच, वर वृद्धही. पाळणाघरातल्या ताईंना ती दरमहा पैसे देते, म्हणजे त्या ‘मोबदला घेणाऱ्या त्रयस्थ’. शेजारीण बिचारी लगेच उठली. “मी जाते की! पत्ता दे.” पत्ता विचारला आणि तिथंच बाद झाली.

राहतं कोण? ज्याचा प्रकल्पाशी काडीचा संबंध नाही, ज्यानं कशावरही सही केलेली नाही, ज्याला कुठलीही समिती जाब विचारणार नाही, आणि ज्याच्यावर नीतिमत्तेचं कसलंही बंधन नाही, असं माणूस हवं. सगळे निकष काटेकोरपणे लावून पाहिले, तर वाचकहो, तुम्हीच उरता.

तेव्हा तिची तुम्हाला विनंती आहे. आजींचं नाव सांगता येत नाही. गल्ली, इमारत, मजला सांगता येत नाही. फोनवर मागून काय ऐकू यायचं हेही नाही, त्यावरून ओळख पटू शकते. एवढं सांगायला हरकत नाही, असं सचोटी अधिकाऱ्यांनी लेखी दिलंय : त्या एकट्या राहतात, आणि त्यांच्या दारावरून माणसं रोज जातात-येतात. तुमच्या जिन्यातही असं एखादं दार असेल. आतल्या बाईंचं नाव तुम्हाला ठाऊक नसणारच, म्हणजे गोपनीयतेचाही प्रश्न मिटला. जरा जाऊन वाजवून बघाल का? आज, हे वाचून झाल्यावर लगेच? आणि उघडलं नाही, तर तो त्यांचा हक्क आहे असं समजून मागे फिरू नका.