मोरेश्वरपंत हर्डीकर चार अक्षरांवर पराभूत जाहले, त्याची हकीकत

॥ श्री ॥ ज्याचे मस्तक बदलले तरी ओळख बदलली नाही, त्या गजाननास नमन करोन, शके एकोणीसशे अकरा, शुक्लनाम संवत्सरी जे घडले ते लिहितो. लिहिणाराचे नाव पुसू नये. वाचनालयाच्या खिडकीशी जो बसतो त्यास सर्व दिसते आणि पुष्कळसे ऐकू येते, इतके सांगणे पुरे. राज्य पंधरा घरे लांब आणि पंधरा घरे रुंद. त्यात काळी घरे खडकाळ, तेथे वस्ती नाही. पांढऱ्या घरी एक एक अक्षर राहाते. दर रविवारी प्रातःकाळी साप्ताहिकाचा खलिता येई, त्याचे शेवटल्या पानी हे राज्य कोरे करोन पाठविलेले असे आणि खाली गनिमाचे संकेत छापिलेले. गनीम म्हणजे कोडेकार. त्याने आपले नाव कधी छापिले नाही, तोंड कधी दाखविले नाही, आणि त्याची लढाई सरळ नव्हे. इतर कोडेवाले पुसतात, एक गोड फळ, तीन अक्षरे. ते शेंबडे पोरही भरील. हा तैसे पुसत नसे. हा लिही, ‘हाच उलटा करून प्यावा, दोन अक्षरे’. भोळा मनुष्य पाहात बसे की उलटा कोणास करावा. जाणता असे तो ‘हाच’ हाच शब्द उलटा वाची, तो चहा निघे. अथवा लिही, ‘डाव उलटला आणि तेलात पडला’, तो वडा. ऐसे एका वाक्यात अर्धा अर्थ आणि अर्धी अक्षरांची कारागिरी, आणि सांधा कोठे तो दिसू द्यावयाचा नाही. परंतु गनिमाचाही एक धर्म होता. तो वाक्यातला एक शब्द फुकट खर्चीत नसे आणि मोजणीत एक अक्षर चोरीत नसे. लबाड होता, पण खोटा नव्हता.

या गनिमाशी एकोणीस वर्षे दोन सरदार लढत होते. एक राजश्री दाजीसाहेब नाईकनवरे, नकाशांच्या कचेरीतून निवृत्त जाहलेले, आणि दुसरे राजश्री मोरेश्वरपंत हर्डीकर, शाळेत व्याकरण शिकवून शिकवून ज्यांचा आवाज बसला तो बसलाच. रविवारी दोघे वाचनालयाचे लांब बाकावर एकाच पानापुढे बसत आणि मग मोहीम सुरू होई. पंतांनी संकेत मोठ्याने वाचावा, दाजीसाहेबांनी छताकडे पाहून गुडघा चोळावा, आणि एकदम शब्द सांगावा. कैसे निघाले म्हणोन पुसले तर म्हणत, “दिसले.” त्यापलीकडे त्यांस काही सांगता येत नसे, आणि सांगावे अशी हौसही नव्हती. पंतांचे उलट. त्यांस आपले होऊन एक उत्तर कधी सुचले नाही, परंतु उत्तर हाती दिले की ते का आणि कैसे, कोणते अक्षर कोठून आले, ते असे उलगडोन दाखवीत की ऐकणारास वाटे, हे तर आपणासही आले असते. याला ते फोड म्हणत. राज्याचा कायदा असा की उत्तर प्रथम शिसपेन्सिलीने लिहावयाचे आणि फोड जाहल्यावाचून त्यावर शाई चढवावयाची नाही. दाजीसाहेबांचे उत्तर बरोबर आहे हे उभयतांस ठाऊक असले तरी पंत शाईस हात लावू देत नसत. “बरोबर असणे निराळे आणि सिद्ध होणे निराळे,” असे म्हणत. आणि दाजीसाहेब हसून थांबत, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

दरबारी मंडळी म्हणजे वर्तमानपत्रे फुकट वाचावयास येणारे तीन चार आसामी, ते पंतांस पाठीमागे ‘वरातीमागून घोडे’ म्हणत. किल्ला घेणार दाजी, आणि घेतल्यावर बुरूज मोजणार पंत. हे पंतांचे कानी आले होते. त्यांनी दाखविले नाही, पण लागले होते खास, कारण त्यानंतर महिनाभर त्यांनी त्या मंडळींस पंखा आपल्याकडे फिरवू दिला नाही. खरे बोलावयाचे तर आम्हीही त्या हसण्यात होतो, ते येथे कबूल करितो.

मग त्या शकाच्या ज्येष्ठ शुद्ध पंचमीस दाजीसाहेब आंघोळ करोन उठले ते पडले. अर्धांगवायू जाहला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. दवाखान्यात तीन आठवडे काढोन त्यांस बाजारामागील दोन खोल्यांत घरी आणिले. डाक्तर म्हणाले, जीभ मेलेली नाही, शब्द आत आहेत, मनात आले तर बोलतील; परंतु न बोलता दिवाळी गेली तर पुढे रस्ता बुजतो, मग आम्ही सांगू शकत नाही. हे ऐकोन त्यांच्या पत्नी कृष्णाबाई यांनी धीर धरिला आणि ठरविले की यांच्या मनाविरुद्ध काही करावयाचे नाही. जो भेटीस येई तो तेच करी. दाजीसाहेबांनी मान हालविली तर हो, न हालविली तरी हो. सर्व गोड बोलत, सर्व हळू बोलत, आणि दाजीसाहेब भिंतीकडे तोंड करोन पडत. पाण्याचे भांडे पाहिजे असले तर डाव्या हाताने खाटेवर टकटक करीत, तेवढाच त्यांचा शब्द. ज्येष्ठ गेला, आषाढ गेला, श्रावणही तैसाच गेला.

मोरेश्वरपंत रोज संध्याकाळी जात. त्यांनी विचार केला की हा मनुष्य कोड्यावरच उठेल, दुसऱ्या कशावर उठणार नाही. म्हणोन ते खलिता घेऊन गेले आणि त्यातला सर्वांत सोपा संकेत निवडला, ‘काम उलटे केले, शेतात कणीस आले, दोन अक्षरे’. वाचोन थांबले. दाजीसाहेब छताकडे पाहीनात. मग पंत म्हणाले, पाहा, तुमच्या डोळ्यांत आले उत्तर, मला दिसले, मका, होय ना? आणि शाईने लिहोन टाकिले. हे खोटे होते. डोळ्यांत काही आले नव्हते, मका पंतांनी पुढल्या रविवारच्या खलित्यात छापिलेल्या उत्तरांतून पाहोन ठेविला होता, कारण हाती होता तो खलिता जुना होता. दाजीसाहेबांनी तारीख पाहिली. त्यांनी डोळे मिटले ते पंत जाईपर्यंत उघडले नाहीत. कृष्णाबाई दारापर्यंत पोहोचवावयास आल्या आणि म्हणाल्या की भावोजी, तुम्ही चांगल्याकरिताच केले, पण त्यांना दया चालत नाही.  पंतांना आपली फार लाज वाटली, असे पुढे त्यांनीच आम्हांस सांगितले.

मग भाद्रपद संपता संपता पंतांनी मनाशी नेम केला की एक उत्तर स्वतः काढावयाचे. ताज्या खलित्यातला, ज्याची उत्तरे अद्याप छापिली नाहीत. एकच, पण आपले. रविवारी त्यांनी संकेत निवडला तो असा, ‘सातामागून जखमेची खूण, जाता जात नाही, चार अक्षरे’. सोमवारी काही सुचले नाही. मंगळवारी सुचले ते पाच अक्षरांचे. बुधवारी पंत वाचनालयात आले आणि दाजीसाहेबांप्रमाणे छताकडे पाहात गुडघा चोळीत बसले, तेव्हा दरबारी मंडळी एकमेकांस कोपराने ढोसू लागली. पंतांचा गुडघा लाल जाहला, शब्द काही निघेना. गुरुवारी ताप आला तो अंगावर काढला. एकोणीस वर्षे दुसऱ्याने ताटात वाढलेले खाल्ले आणि चूल कशी पेटते ते आता पाहावे लागले. शुक्रवारी तिसरे प्रहरी पंत एकदम बाकावरून उठले, “सापडले” म्हणाले आणि छत्री विसरोन घरी गेले. आम्ही सर्वांनी ते पाहिले आणि कोणी हसले नाही.

शनिवारी दोन प्रहरी, दुसरे दिवशी उत्तरे छापोन येण्याचे आत, पंत धुतलेला सदरा घालोन दाजीसाहेबांकडे गेले. कृष्णाबाई आत पोळ्या लाटीत होत्या. पंतांनी खाटेजवळ खुर्ची ओढली आणि म्हणाले की दाजी, आज मी तुम्हांस काही विचारणार नाही, आज उत्तर माझे आहे, तुम्ही फक्त फोड ऐका. दाजीसाहेबांनी मान भिंतीकडून वळविली. हे प्रथमच जाहले. मग पंतांनी संकेत वाचला आणि सांगितले की उत्तर ओरखडा. जखमेची खूण म्हणजे ओरखडा, हा अर्थ जाहला. आता कारागिरी पाहा. जाता जात नाही त्यास आपण काय म्हणतो, रखडले; त्याचा जाहला रखडा. राहिले पहिले अक्षर. सातामागून म्हणजे स्वरांच्या मालेत सातव्याचे मागून. ऋ संस्कृताचा म्हणोन सोडिला, तो अ आ इ ई उ ऊ ए, हे सात जाहले; सातव्याचे मागून ऐ येतो, परंतु ऐ हा काही निर्मळ स्वर नव्हे, त्यात दोन स्वरांची भेसळ आहे, सबब तो मोजावयाचा नाही, त्यापुढील ओ घ्यावयाचा. ओ आणि रखडा मिळोन ओरखडा. ऐसे सांगताना पंतांचा बसका आवाज मोकळा जाहला होता आणि हातवारे चालले होते. व्याकरणाचे तीन आधार दिले, चौथा देणार, इतक्यात त्यांनी खाटेकडे पाहिले. दाजीसाहेबांच्या कपाळास आठ्या पडल्या होत्या. डावा हात उचलला होता. ओठ दोन वेळा नुसतेच हालले, आणि तिसरे वेळी आवाज आला, जाड, अर्धा घशातला, पण स्वच्छ.

“चूक.”

पंत जागच्या जागी थिजले. त्यांस आधी राग आला, ते त्यांनी पुढे कबूल केले. सहा दिवसांची मेहनत आणि एक अंगावरचा ताप. ते म्हणाले, “चूक कैसे? आधार आहे.” आणि म्हणता म्हणता त्यांचे ध्यानी आले की आपण कोणाशी वाद घालीत आहो. दाजीसाहेब रागावोन त्यांजकडे पाहात होते. चार महिन्यांत पहिल्याने त्यांजपुढे कोणी असे बोलले होते की जे खोडोन काढल्यावाचून राहवेना. त्यांनी डाव्या हाताचे बोट खाटेच्या कडेवर आपटले.

“सातामागून,” ते म्हणाले. मग बराच वेळ थांबले. “आठ.”

“मग?” पंतांनी विचारिले. त्यांस खरेच कळले नव्हते.

“वण,” दाजीसाहेब म्हणाले, आणि शाळेतल्या ठोंब्याकडे पाहावे तैसे पंतांकडे पाहिले.

वण म्हणजे जखमेची खूण. आठ आणि वण मिळोन आठवण, ती जाता जात नाही. एक शब्द फुकट नाही, एक अक्षर चोरलेले नाही, कोणता स्वर गाळावा लागला नाही. पंतांनी हे मनात दोन वेळा जुळवोन पाहिले, आणि मग त्यांस दुसरी गोष्ट उमगली, की एकोणीस वर्षे ज्याने फोड कधी सांगितली नाही त्याने आज उत्तर न सांगता आधी फोडच सांगितली. पंत खुर्चीत बसोन रडले. पुरुषासारखे पुरुष, सदरा धुतलेला, आणि लहान मुलासारखे रडले. कृष्णाबाई आवाज ऐकोन पिठाच्या हातांनी बाहेर आल्या आणि घाबरोन पुसू लागल्या की काय जाहले, तो पंत म्हणाले, “वहिनी, दाजी मला चूक म्हणाले!” घरी पुत्र जाहला म्हणोन सांगावे, तैसे सांगितले. कृष्णाबाईंनी नवऱ्याकडे पाहिले, आणि त्या भिंतीस टेकोन खाली बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “मी चार महिने मुठीत जीव धरून गोड बोलते आहे, आणि ह्यांना चुकणारा मनुष्य हवा होता होय. मग उद्यापासून मीही चुकीचेच बोलते.”

आणि तैसेच त्यांनी केले. रविवारी सकाळी आज बुधवार म्हणाल्या, आणि दुपारी तोंडले पुढे ठेवून दोडके म्हणाल्या, आणि नकाशाच्या कचेरीतल्या ज्या साहेबाशी दाजीसाहेबांचे हाडवैर, त्याची स्तुती सुरू केली. प्रत्येक वेळी एक शब्द बाहेर आला, कधी दोन आले. पंत रोज एक उत्तर काढीत आणि ते मेहनत करून काढीत, आणि तरी चुकत. मुद्दाम चुकण्याची गरज त्यांस एकदाही पडली नाही. वाचनालयात त्यांनी आपला पराभव स्वतः सर्वांस सांगितला. त्या दिवसापासून त्यांस वरातीमागून घोडे कोणी म्हटले नाही, आम्ही तर नाहीच नाही.

येणेप्रमाणे शके एकोणीसशे अकरा, चार अक्षरांच्या लढाईत मोरेश्वरपंत हर्डीकर यांचा पराभव जाहला. नरक चतुर्दशीचे दिवशी अभ्यंगस्नान होऊन दाजीसाहेब पाटावर बसले, पंत आणि कृष्णाबाई दोघांकडे पाहिले, आणि आजाराचे दिवसापासून पहिले पुरे वाक्य बोलले, की “तुम्हां दोघांना एक गोष्ट धड कशी येत नाही?” कृष्णाबाईंनी तेव्हाच उठोन आळीत साखर वाटली.