पोचेपर्यंतचा केर

१९७४ सालच्या जानेवारीतले कोवळे ऊन आधी समोरच्या कौलांवर उतरले, तुळशीच्या कट्ट्यापाशी थोडे रेंगाळले आणि मग उंबरा ओलांडून दोन दिवसांच्या केरावर येऊन निजले. शेंगांची टरफले, दोऱ्याचे तुकडे, अबोलीची सुकलेली फुले. त्या उन्हात सारे जपून ठेवल्यासारखे दिसत होते.

ते खरोखरच जपलेले होते. परवा लीला लंडनला, नवऱ्याकडे जायला निघाली. गेलेले माणूस मुक्कामी पोचेपर्यंत घरातला केर काढायचा नाही, हा तिच्या आईचा, मुक्ताबाईंचा नेम. आज सकाळी सहाला मुंबईहून तिचे विमान उडायचे होते.

"काय ओ मुक्ताबाई, झाडू हरवला की काय?" शेजारच्या शांतम्मांनी दारातून विचारले.

"पोरगी वाटंत हाय की! गंगाधर, कवा पोचंल रं ती?"

लीलाचा भाऊ गंगाधर शाळेत भूगोल शिकवत असे. पृथ्वीगोलावर दोरा ताणून त्याने अंतर मोजले होते. साडेचार हजार मैल. तिकिटावरच्या वेळा तर त्याला पाठच होत्या.

"सहाला निघून अकराला पोचते. पाच तास."

"पाचच? मैंदर्गीहून यायला मला तेवढे लागतंय की!" शांतम्मा म्हणाल्या.

गंगाधरला ते ऐकून फार बरे वाटले. पाच तास म्हणजे काही दूर नव्हे.

साडेअकराला तो वर्गात रेखावृत्ते शिकवत होता. "आपल्याकडे आत्ता साडेअकरा, तर लंडनमध्ये सकाळचे..." खडू फळ्यावरच थांबला. "सहा."

हेडमास्तरांना पोटदुखीचे कारण सांगून त्याने सायकल घराकडे पिटाळली. घर लख्ख झाडलेले होते.

"आई, ते अकरा तिकडच्या घड्याळातले! पाच नव्हे, साडेदहा तास. ती आपल्या साडेचारला पोचेल. विमान अजून आभाळातच आहे!"

मुक्ताबाईंनी कोपऱ्यातल्या झाडूकडे पाहिले. "आन् मी लेकीच्या पाठीमागं केर काढला! आता रं?"

"परत आना की," शांतम्मा सहज म्हणाल्या.

भूगोलाचे शिक्षक केराची पाटी घेऊन कोपऱ्यावरच्या उकिरड्यात उतरले.

"ती टरफलं नगं, ती पलीकडच्या बिरप्पाची हायत," मुक्ताबाई काठावरून सांगत होत्या. "आपल्या शेंगा बारक्या."

टरफलांत लीलाचा केसांचा आकडा सापडला. तो मात्र पाटीत न जाता गंगाधरच्या खिशात गेला. मग सारा केर जिथला तिथे पुन्हा पसरण्यात आला.

साडेचारला मुक्ताबाईंनी झाडू उचलला.

"थांब. विमानाला उशीर होतो कधी कधी."

पाचला तो म्हणाला, "समोरून वारा असेल तर..."

साडेपाचला म्हणाला, "सामान मिळायलाही वेळ लागतो, आई."

मुक्ताबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"पोचली रं ती. सरक बरं. तुज्या पायाखाली फुलं ऱ्हायलीत."

गंगाधरने पाय उचलला. लीला आता या घरात राहत नव्हती.