कमरेच्या घड्याळातले चार

आमच्या भास्करमामांनी माझ्या पहिल्यावहिल्या सुटाची पारख केली ती एकाच निकषावर: याच्या आत पिस्तूल लपेल का?

मला इंग्लंडात, रीडिंग गावी कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी लागली होती. शस्त्र म्हणाल तर मी आयुष्यात स्टेपलरच्या पुढे गेलेलो नाही, आणि तोही माझ्यावरच उलटला होता. पण मामांनी मला स्लाऊच्या दुकानात आरशासमोर उभं केलं, कोटाची उजवी बाजू चिमटीत धरली आणि सेल्समनला म्हणाले, "टू टाइट. व्हेअर विल ही कीप इट?"

सेल्समनला वाटलं, पाकीट. त्याने आतला खिसा दाखवला.

"जावईबापू," मामा माझ्याकडे वळून हळहळले, "या देशाने जगावर राज्य केलं कसं?"

भास्करमामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. मुंबई पोलिसांत होते. त्यातली वीसेक वर्षं साध्या कपड्यांत, मंत्र्यांच्या मागे अर्धं पाऊल अंतर ठेवून गेली. निवृत्त झाल्यावर मामींना घेऊन स्लाऊला मुलीकडे आले आणि आमच्यापासून चार घरांवर राहू लागले. तेव्हा ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. वारा योग्य दिशेने आला की आमच्या रस्त्याला चॉकलेटच्या कारखान्याचा वास यायचा. आज ते दोघेही नाहीत, पण तसा वास कुठे आला तर माझं पोट आपोआप आत जातं. मामा बघताहेत असं वाटतं.

पिस्तूल अर्थातच सरकारजमा झालेलं. पण ज्या चामडी होल्स्टरमध्ये ते राहायचं, ते मामांनी स्वतःच्या मापाने शिवून घेतलेलं होतं आणि ते त्यांच्यासोबत विलायतेला आलं. "पिस्तूल सरकारचं," ते म्हणायचे, "जागा माझी."

ही जागा निवडणं हा त्यांच्या आयुष्याचा व्यासंग. कंबर म्हणजे घड्याळ आणि बेंबी म्हणजे बारा, असं त्यांचं भूगोलशास्त्र होतं. मी चहाचा कप हातात घेतला की ते सुरू व्हायचे.

"बारावर ठेवलंस, तर बसल्याबरोबर नळी कुणाकडे? आपल्याच मांडीकडे. सहावर ठेवलंस आणि पाठीवर पडलास, तर मणका गेला. काखेत शोभतं छान, पण उपसताना डावीकडचा बिचारा विनाकारण टप्प्यात येतो. घोट्याला बांधलंस तर वाकेपर्यंत मारेकऱ्याला काय, थांब म्हणायचं?"

"मग कुठे, मामा?"

"चार. उजव्या खुब्याच्या जरा मागे. नळी जमिनीकडे, घोडा चामड्याखाली झाकलेला आणि वरून कोपराचा पहारा. हात न बघता पोचला पाहिजे. दुसऱ्याचा पोचता कामा नये."

एकदा मी धीर करून विचारलं, "मामा, किती गोळ्या झाडल्यात हो?"

"एकही नाही," ते अभिमानाने म्हणाले. "जागेवर असलं की काढावं लागत नाही."

मग मामींच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि तपकिरी काचेच्या चिमुकल्या बाटलीत गोळ्या दिल्या. दुखलं की लगेच एक जिभेखाली. बाटली सतत हाताशी हवी, पण अंगाच्या उबेत ठेवू नका, गोळ्या निकामी होतात.

दुसऱ्या कुणी बाटली पिशवीत टाकली असती. मामा तीन दिवस जेवणात लक्ष नसल्यासारखे वागले. पँटचा खिसा? ऊब. मागचा खिसा? काच. चौथ्या दिवशी होल्स्टर बाहेर निघालं. मामींच्या विणकामातली उरलेली लोकर त्यात ठासून मामांनी बाटलीसाठी घरटं केलं. ऊब लागणार नाही आणि झाकण बरोबर तोंडाशी राहील. ते स्वेटरच्या वर, कोटाच्या आत, चारवर बसलं. परसात ते तासन्‌तास सराव करायचे. शेजारची म्हातारी पडद्याआडून बघायची.

तेव्हापासून मामी बाजारात निघाल्या की मामा मागे अर्धं पाऊल.

"अहो, मी काय मंत्री आहे?" मामी वैतागायच्या.

"मंत्री बदलतात," मामा म्हणायचे.

एका शनिवारी हाय स्ट्रीटवर वाऱ्याने मामांचा कोट उडाला आणि दोन पोलिसांनी होल्स्टर पाहिलं. ते दिवस बॉम्बच्या अफवांचे होते. "स्टँड स्टिल, सर!" मामांनी हात वर केले आणि चेहऱ्यावर जुना मित्र भेटावा तसा आनंद पसरला. "राइट साइड, फोर ओ'क्लॉक," ते म्हणाले. "यू टेक इट आउट. आय विल नॉट टच."

पोलिसाने जपून हात घातला. आधी हिरवी लोकर निघाली, मग बाटली.

"इज धिस युवर्स, सर?"

"हर्स," मामांनी मामींकडे मान वळवली. मामींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. मामा मात्र आठवडाभर सांगत होते, "एवढ्या वर्षांत या देशात पहिला माणूस भेटला ज्याला कळलं!"

आता सांगतो ती गोष्ट रीडिंगच्या हॉलमधली. तिथल्या मराठी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम होता. मामांच्या मुलीने हौसेने त्यांना नवा रेशमी झब्बा आणला होता, गुडघ्याखाली जाणारा. होल्स्टर त्याच्या आत इतकं बेमालूम लपलं की मामा आरशासमोर स्वतःवरच खूश झाले. मीही वाहवा केली. आम्हा दोघांनाही सुचलं नाही की कोट बाजूला सारता येतो, झब्बा नाही.

तिळगूळ वाटता वाटता मामी खुर्चीत बसल्या. चेहरा पांढरा. मामांचा हात चारवर गेला आणि रेशमावरून घसरला. पुन्हा गेला, पुन्हा घसरला. वीस वर्षांचा शिकलेला हात, त्याला रेशीम कळेना. मामा खाली बघून, दोन्ही हातांनी झब्बा गोळा करायला लागले.

तेवढ्यात मामींनी पर्समधून तशीच एक बाटली काढली, गोळी जिभेखाली ठेवली आणि बाटली माझ्या हातात कोंबली. "लपव," त्या पुटपुटल्या. "त्यांना दिसू देऊ नकोस." मामांनी शेवटी गोळी काढून पुढे केली. मामींनी ती घेतली, मुठीत मिटली आणि रिकामी बोटं तोंडाशी नेली.

"आली ना वेळेवर?" मामांनी विचारलं.

"अगदी वेळेवर," मामी म्हणाल्या.

ॲम्ब्युलन्स आली. रात्रभर ठेवून डॉक्टरांनी मामींना घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा माझ्या दारात. पाऊस भुरभुरत होता. "जावईबापू, बाटली परत दिलीस का तिला?"

"कुठली बाटली?"

"पोलिसाला विचारतोस?" ते म्हणाले, पण आवाजात नेहमीचा ताव नव्हता. "ती कालपासून पर्स उघडते, चाचपते, बंद करते. पटकन जा. मी फिरायला जातो म्हणून सांगून आलोय. मुलगी आहे घरात, पण वेळ नको काढूस. आणि मला काही कळलेलं नाही, समजलं?"

"तुम्हाला माहीत होतं? मग तुम्ही कशाला बाळगता मामा, एवढी यातायात करून?"

"बंदोबस्त एकट्यावर ठेवत नाहीत रे," ते खाली बघत म्हणाले. "ती एक. मी दोन."

मी गेलो. मामींनी बाटली घेतली, गाऊनच्या बाहीने पुसली आणि पर्समध्ये ठेवली. "त्यांना कळलं नाही ना?"

"छे," मी म्हणालो. दोन्हीकडची गुपितं सांभाळून मला घाम फुटला होता.

मामींनी खिडकीचा पडदा जरासा सारला. समोर पोस्टाच्या लाल डब्याआड मामा उभे होते, छत्रीशिवाय, या खिडकीकडे तोंड करून. "जा, आत बोलव," मामी म्हणाल्या. "फिरायला म्हणे! भिजतील उगाच."

मी रस्ता ओलांडला.

"ठेवली?" मामांनी विचारलं.

"ठेवली. पर्समध्ये."

"कुठल्या कप्प्यात?"

मी पाहिलं नव्हतं. तसं कबूल केलं.

"बाहेरच्या असेल," मामा चेहऱ्यावरचं पाणी पुसत म्हणाले. "त्याला चेन नाही. दिवाळीतच उसवून टाकली मी, ती झोपलेली असताना. अडकायची फार."