साहेबांनी विचारलेले पालकांचे मत

प्रसादाला नावे ठेवू नयेत. तो खारट लागला तर दोष आपल्या जिभेचा. तसेच पाहुण्यापुढे घरचे उणे काढू नये. या दोन नियमांवर गावे चालतात, आणि कोरेगावाकडच्या एका गावचे सरकारी हायस्कूलही त्यावरच चालत होते.

हायस्कूलचा दर्जा उत्तम होता. प्रयोगाच्या काचसामानाची दर दसऱ्याला हळदकुंकू वाहून पूजा होई. पूजेच्या वस्तूला उष्टा-खरकटा हात लावायचा नाही, म्हणून आजवर एकही नळी फुटली नव्हती. सायन्सचे मास्तर दोन वर्षांपूर्वी बदलून गेले, तेव्हापासून तो विषय ड्रिलचे मास्तर घेत. ‘सावधान’ म्हटले की धडा सुरू, ‘विश्राम’ म्हटले की संपला. (परीक्षेत शेकडा नव्वद मुले पडली, पण ओळीत पडली.)

मनुबाईची शालन यंदा अकरावीला, म्हणजे मॅट्रिकला होती. सायन्स सुटले तर मिरजेला नर्सिंगला जायचे, नाही सुटले तर वैशाखात लग्न, असा घरचा ठराव होता. म्हणून मनुबाई सोमवार महादेवाचा धरी, गुरुवार दत्ताचा आणि शनिवार मारुतीचा. सायन्स नेमके कोणत्या देवाकडे, हे कळत नसल्याने तिने कुणालाच दुखावले नव्हते.

देव पावला. शिक्षणखात्याकडे सायन्सचे एक मास्तर शिल्लक निघाले. ते या गावाला द्यायचे की ओढ्यापलीकडच्या, हे ठरवायला खात्याचे साहेब पालकांचे आणि विद्यार्थ्यांचे मत घेणार होते. जिथले गाऱ्हाणे मोठे, तिथे मास्तर. हेडमास्तर घरोघर सांगून आले, “काही लपवू नका. पोटभर तक्रार करा.” गावाने एकमुखाने कबूल केले.

खात्याची चूक एवढीच झाली, की साहेब जेवणाआधी आले. जीपमधून उतरताच त्यांना पाय धुवायला पाणी दिले, पाटावर बसवले, शिरा वाढला. शिरा खाल्ला की माणूस साहेब राहत नाही, पाहुणा होतो.

“हं, शाळा कशी आहे?” पाहुण्यांनी विचारले.

पहिला उठला अल्लाबक्ष, गावातला पत्र्याचा कारागीर. त्याची दोन पोरे शाळेच्या गळक्या छपराखाली बसत.

“ब्येस हाय की साहेब. हवा लय खेळती.”

“आणि पावसात?”

“पावसात तर काय इचारू नगा. गारवाच गारवा!”

“सायन्स कसे शिकवतात?”

सगळ्यांनी मनुबाईकडे पाहिले. तिने सकाळी तुळशीपुढे सगळे गाऱ्हाणे पाठ म्हणून पाहिले होते. ती पदर सावरून उभी राहिली. साहेबांच्या ताटलीत अजून घासभर शिरा होता.

“शिकवत्यात की,” ती म्हणाली. “पोरं कशी ताठ हुबी ऱ्हात्यात!”

तेवढ्यात मुलींमधून शालन उठली. “साहेब, आम्हाला दोन वर्षं सायन्सला मास्तर नाहीत. एक प्रयोग बघितला नाही आम्ही.”

“बस खाली!” मनुबाईने तिला हाताला धरून बसवले. “पाव्हण्यांम्होरं बोलायची ही रीत? लेकरू हाय साहेब, मनावर घिऊ नगा. वाईच शिरा घ्या आनिक.”

साहेब गहिवरले. जिथे पालक इतके समाधानी आणि मुलांना वळण इतके चांगले, तिथे आणखी मास्तर पाठवणे म्हणजे सरकारी साधनांची नासाडी, असे त्यांनी तिथेच जाहीर केले. टाळ्या पडल्या. मास्तर ओढ्यापलीकडे गेले. तिकडच्या लोकांनी साहेबांना चिखलात उभे करून तासभर भांडण मांडले, पाणीसुद्धा विचारले नाही. (अशा गावाला मास्तरांची गरज होतीच.)

दोघी घरी निघाल्या.

“आगं, गावाची अब्रू हुती,” मनुबाई म्हणाली.

“मग वैशाखात अब्रूलाच हळद लावा,” शालन म्हणाली आणि पुढे निघून गेली.

मनुबाईला हसायचे असेल तर खुशाल हसावे. फक्त मागे तुमच्याकडे पाहुणे आले, “मुलीची शाळा कशी काय?” म्हणाले, आणि ती काही सांगणार तोच तिला आत पाणी आणायला पाठवून “छान आहे हो शाळा” असे म्हणालात, ते तुम्हीच ना?