मामीच्या चादरींमागचा सूर्यास्त

मामाची टूर मला झोपेत म्हणता येते. ही फुशारकी नाही, मामीला विचारा. ती म्हणते, मी खरंच झोपेत म्हणते आणि पुलापाशी आले की हात लांब करून तिच्या नाकावर मारते, कारण पूल हाताने दाखवायचा असतो.

टूर म्हणजे कशी, सांगते. मामाची एक छोटी बस आहे. ती मोठ्या हॉटेलच्या दारातून पाहुण्यांना उचलते. आधी चौकातला घड्याळाचा मनोरा, मग जुना पूल, मग होड्या बांधायचं आवार, मग टेकडी. टेकडीवर सूर्यास्त. अंधार पडला की मामाच्या घरी गच्चीवर जेवण, आणि तिथून परत हॉटेल. मामा सारा वेळ माईकवर बोलत असतो. टेकडीवर तो हात वर करून 'आणि आता निरोप' म्हणतो आणि सूर्य बरोबर त्या वाक्यावर बुडतो. लहानपणी मला वाटायचं, मामाने सोडल्याशिवाय सूर्याला घरी जाताच येत नाही.

तर एका सकाळी मामाचा आवाज गेला. बसला वगैरे नाही, पारच गेला. तोंड उघडलं की सायकलच्या चाकातली हवा सुटल्यासारखं व्हायचं.

मी म्हटलं, "मी करते टूर."

मामाने दोन्ही हात हलवले. आई म्हणाली, "करू दे की. मलाही बघायचंय."

आई आदल्या दिवशीच आली होती, मला परत न्यायला. मी नववी अर्ध्यात सोडलेली. मग शिवणाचा क्लास सोडला, तिथल्या बाई मला धांदरट म्हणाल्या म्हणून कात्री टेबलावर ठेवली आणि तशीच घरी आले. मग टायपिंग सोडलं, तिथे कोणी काही म्हणालंसुद्धा नव्हतं. आता आई मला पुन्हा शाळेत घालणार होती. माझी बॅग भरून दाराशी उभी होती, एखाद्या पोलिसासारखी.

"हिला जमत नाही असं नाही," आई मामाला म्हणाली. "जमतं सगळं. पुरं होत नाही."

"आज पुरं केलं तर?" मी विचारलं.

"सुरुवातीपासून शेवटपर्यंत?"

"सुरुवातीपासून शेवटपर्यंत."

"मग राहा मामाकडे, धर तो माईक. नाहीतर सकाळच्या गाडीने माझ्याबरोबर शाळेत. मी बसमध्येच बसते."

मामा काहीतरी फुसफुसला. मामी म्हणाली, "ते म्हणताहेत, स्वागत विसरू नकोस. स्वागत केलं नाही तर पाहुणा पाहुणा होत नाही, नुसतं सामान राहतो."

स्वागत कोण विसरतं? दुपारी मी माईक गळ्यात अडकवला, केस बांधले आणि निघाले.

पहिल्या सीटवर टोपीवाले आजोबा आणि शेजारी आजी. मागे एक काकू, मांडीवर टूरचं पत्रक पसरून, हातात पेन. नवीन लग्नाचं एक जोडपं, ते एकमेकांकडेच बघत होतं, त्यांना टूरची गरज नव्हती. शेवटच्या सीटवर आई. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

मी माईकवर फुंकर मारली, 'न' म्हटलं आणि 'मस्कार' म्हणायच्या आत ड्रायव्हरकाकांनी बस अशी काही वळवली की मी थेट आजोबांच्या मांडीवर.

"ये, बस," आजोबा म्हणाले.

मी उठले, कपडे झटकले आणि सुरू केलं. आता एक सांगते. मामाचं बोलणं मला पाठ आहे, पण रिळावरच्या दोऱ्यासारखं. टोक ओढलं की सगळं येतं. मधूनच ओढायला गेलं की गुंता.

"आपल्या डाव्या हाताला दिसतोय तो घड्याळाचा मनोरा. गावाची वेळ गेली कित्येक वर्षं याच्याच हातात आहे."

सगळ्यांनी डावीकडे बघितलं. डावीकडे गाद्यांचं दुकान होतं. दुकानदार एका गादीवर आडवा पडून पंख्याकडे बघत होता.

"मनोरा कुठाय?" काकूंनी विचारलं.

मी पुढे वाकून ड्रायव्हरकाकांच्या कानात म्हटलं, "काका, कुठे चाललोय आपण?"

"चौक खोदलाय. पाइपवाले."

"मग?"

"मागून जाऊ. संध्याकाळपर्यंत बुजवतील."

मागून! म्हणजे टूर उलटी. आधी मामाचं घर, मग टेकडी, मग होड्या, मग पूल आणि मनोरा सगळ्यात शेवटी. आणि माझ्या तोंडातून दोरा निघालेला, तो थांबेना.

"अहो, मनोरा कुठाय?" काकू पुन्हा.

"गादीच्या मागे," मी म्हटलं.

सगळे वाकले. आजी तर उठून उभ्या राहिल्या. "दिसला का गं?" त्यांनी मागे वळून माझ्या आईलाच विचारलं. आई म्हणाली, "मला लांबचं दिसत नाही."

पुढे जुन्या पुलाचा भाग आला, म्हणजे माझ्या तोंडात आला. "खाली बघा, हेच ते शांत पाणी," मी म्हटलं. खाली एका माणसाने स्कूटर धुतली होती, त्याचं पाणी रस्त्यावरून वाहत होतं. शांतच होतं. आजोबांनी त्याचा फोटो काढला.

मला वाटलं होतं, मामाच्या घरावरून बस गपचूप पुढे काढू आणि टेकडीवर वेळेत पोचू. पण मामाच्या गल्लीत ट्रक उभा. कोणीतरी घर बदलत होतं. एक भलंमोठं आरशाचं कपाट दारात तिरकं अडकलेलं, आतले लोक म्हणत होते 'बाहेर ढकल' आणि बाहेरचे म्हणत होते 'आत घे'. मागे आमची बस, पुढे ट्रक. ड्रायव्हरकाकांनी इंजीन बंद केलं, मान मागे टेकली आणि डोळे मिटले.

उन्हं तिरपी व्हायला लागली होती. आजोबांनी खिडकीतून नाक बाहेर काढलं. "सूपचा वास येतोय," ते म्हणाले. "हेच का ते जेवणाचं ठिकाण?"

आता खोटं काय बोलणार? घराच्या दारावर मामाने स्वतः पाटी लावली आहे, जेवणाचं ताट काढून. ते ताट चाकासारखं दिसतं, पण पाटी पाटीच.

सगळे उतरले. मी जिन्यातून धावत वर.

गच्चीवर मामी. डोक्याला टॉवेल, पुढ्यात बटाट्यांचा ढीग. आणि गच्चीभर चादरी. चांगलं ऊन पडलंय म्हणून तिने घरातली एकूण एक चादर धुऊन वाळत घातली होती. रांगेमागे रांग.

"अगं, आत्ता?" मामी म्हणाली. "जेवण अंधार पडल्यावर असतं."

"ते जिन्यात आहेत, मामी."

"मग अंधार पाड आता तूच. बटाटे कच्चे आहेत."

तोवर पाहुणे वर आलेच. मामीने टॉवेल काढायचा प्रयत्न केला, तो निघेना, मग तिने तो तसाच ठेवून हसून नमस्कार केला. बसायला जागा नव्हती. जोडपं एका चादरीमागे गेलं आणि बराच वेळ आलं नाही. काकूंनी पत्रक उलगडलं.

"यात सूर्यास्त आधी आहे आणि जेवण नंतर. मनोरा नाही, पूल नाही, टेकडी नाही. आम्ही काय तुमचे कपडे बघायला आलोय?"

माझ्या कानापर्यंत रक्त चढलं. हे मला शिवणाच्या क्लासलाही व्हायचं. मी माईक गळ्यातून काढला, काकूंच्या पत्रकावर ठेवला आणि म्हटलं, "मग करा तुम्हीच." आणि जिना.

जिन्याच्या वळणावर आई बसली होती. तिच्या पुढ्यातही बटाटे. मामीने तिला केव्हा कामाला लावलं देव जाणे. तिने मान वर केली नाही. साल एका लांब पट्टीत काढत राहिली.

"सोडलंस?"

मी थांबले. खाली दार उघडं होतं. दाराशी माझी बॅग उभी होती.

"पाणी प्यायला आले."

"पाणी वर आहे," आई म्हणाली.

मी वर गेले. काकूंच्या पत्रकावरून माईक उचलला. तेवढ्यात मामा आला. अंगात पायजमा, गळ्यात मफलर, डोळे मोठे. दोन्ही हात गच्चीच्या पलीकडे फेकत होता, पुन्हा पुन्हा. मला वाटलं, म्हणतोय, यांना हाकल.

"मामा, मी बघते. तू झोप."

त्याने पाय आपटला आणि परत हात फेकले.

"हा कोण?" आजोबांनी विचारलं.

"नाच असेल," आजी म्हणाल्या. "जेवणाबरोबर असतो." आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग मामाने सरळ माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि फिरवलं, बरणीचं झाकण फिरवावं तसं.

सूर्य चादरींच्या मागे होता.

अजून बुडाला नव्हता, बुडायच्या बेतात होता. मी पुढे झाले, चादर बाजूला करायला हात लावला, तर मामी म्हणाली, "ओली आहे, राहू दे." राहू दिली. बरं झालं. कारण पहिली चादर आधी पिवळी झाली, मग तिच्या मागची, मग तिच्या मागची, जणू कोणी आतल्या आत एकेका खोलीत दिवा लावत येतंय. मामीची एक जुनी चादर आहे, पक्ष्यांची. धुऊन धुऊन पक्षी विटलेत, दिवसा दिसतसुद्धा नाहीत. ते सगळे एकदम दिसायला लागले. वारा आला की चादर फुगायची आणि ते उडायचे. मग पुन्हा आपापल्या जागी येऊन बसायचे.

मला वाटलं, काहीतरी बोलायला हवं, मी गाईड आहे. पाठ केलेल्यातलं एकही वाक्य आठवेना. मग जे दिसत होतं तेच म्हटलं, हळूच, माईकशिवाय.

"ती पक्ष्यांची चादर माझी आहे. मी इथे राहायला आले की मामी ती काढते. पाऊस असला की वाळत नाही, मग मी मामीच्या पांघरुणात झोपते."

कोणी हललं नाही. खाली गल्लीत कपाट एकदाचं बाहेर आलं होतं, हमालही त्याला टेकून उभे राहिले होते. त्याच्या आरशात आणखी एक सूर्य होता, छोटा, गल्लीतला. काकूंचं पेन थांबलं होतं. चादरीमागे जोडप्याची सावली दिसत होती, दोघांची मिळून एकच.

मामा पुढे आला. सवयीने हात वर केला, तोंड उघडलं. हवाच आली. पण सूर्याला इतक्या वर्षांची ओळख असणार. तो गेला.

मग सगळ्यांनी मिळून बटाटे सोलले. आजोबांनी इतक्या जाड साली काढल्या की मामीने त्यांच्या हातातली सुरी घेऊन त्यांना पाव कापायला बसवलं. सूप, बटाटे, पाव. निळा उजेड होता तोवरच जेवण झालं आणि ट्रकही गेला.

बस टेकडीवर पोचली तेव्हा तिथे काहीच नव्हतं. मी म्हटलं, "सूर्य इथून बघतात. आज तो आपल्याला घरीच भेटला, त्यामुळे इथे नुसतं उभं राहू." सगळे नुसते उभे राहिले. खाली एकेका खिडकीत दिवा लागत होता. आजी म्हणाल्या, "त्या गादीवाल्याचाही लागला बघ." कुठला त्याचा, कोण जाणे, पण आम्ही सगळ्यांनी हो म्हटलं.

होड्यांच्या आवारात होड्या पालथ्या घातलेल्या होत्या, अंधारात त्या झोपलेल्या गुरांसारख्या वाटत होत्या, म्हणून आम्ही बसमधूनच बघितल्या, कुजबुजत. पुलाखाली खरंच शांत पाणी होतं. आणि चौकातले पाइपवाले खड्डा बुजवून गेले होते आणि डाव्या हाताला, अगदी डाव्या हाताला, मनोरा उभा होता. काकूंनी पत्रकावर खूण केली, मग पत्रकाची घडी घालून ते पर्समध्ये टाकलं.

हॉटेलच्या दारात बस थांबली. सगळे उठले आणि मला एकदम आठवलं.

"थांबा," मी माईकवर म्हटलं. "एक राहिलंय. नमस्कार. या संध्याकाळच्या सफरीत तुमचं मनापासून स्वागत. आपण आता निघतो आहोत."

आजोबा पुन्हा खाली बसले. आजी बसल्या. काकूही बसल्या.

"चला," आजोबा ड्रायव्हरकाकांना म्हणाले.

त्यांना उतरवायला हॉटेलच्या दरवानाला बोलवावं लागलं. शेवटी बसमध्ये आई आणि मी. आई पर्स उघडून उगाच आत बघत होती.

"सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठरलं होतं," ती म्हणाली. "तू शेवटापासून सुरुवातीपर्यंत केलंस."

मी माईक गळ्यातून काढायला लागले.

"पण पुरं केलंस," ती म्हणाली आणि पर्स बंद केली.

सकाळी आई एकटीच गेली. माझी बॅग तिनेच आत नेऊन ठेवली होती.

म्हणजे माईक माझा झाला. पण त्या आजोबांनी हॉटेलात काय सांगितलं कोण जाणे, दुसऱ्या दिवशीपासून प्रत्येक पाहुणा बसमध्ये चढला की पहिलं विचारतो, "चादरी आहेत ना?" मनोऱ्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. त्यामुळे आता मामीच्या स्वच्छ, कोरड्या, कालच धुतलेल्या चादरी रोज दुपारी पुन्हा भिजवाव्या लागतात. त्या कोण पिळतं, हे सांगायला नको. मामाचा आवाज परत आलाय, तो खालून ओरडतो, "पक्ष्यांची पुढे लाव!"

कधी कधी सगळं तिथेच टाकून जिन्याने खाली जावंसं वाटतं. पण चादर अर्धवट पिळली की तिच्यातून सूर्य नीट दिसत नाही. म्हणून पिळते, पुरती.