अदृश्य इंद्रायणीबाई आणि आहेराच्या चादरींची मोहीम

श्रीसिद्धेश्वर समर्थ. शुक्रवार पेठेत गच्चीवर इंद्रायणीबाईंची फत्ते जाहली आणि तीन महावीर शरण आले. परंतु ऐसे काही घडलेच नाही, ऐसा अनीशरावांचा सक्त हुकूम असलेने न घडलेली हकीकत घडली तैसी लिहितो.

पूर्वी कॉमिकांचे मुलखी एकेक महावीर एकटाच दुनिया राखीत असे. मग एकट्याचा अंक खपेना, मग पाच मंदखप्यांची मोट बांधोन त्यास पथक नाव दिधले, आणि पथकात दुफळी माजली, आणि दुफळीची दोन पथके जाहली, आणि जे मेले ते खप घटताच जिवंत जाहले, मग कार्टूनवाल्यांनी समस्तांस लहान पोरे करोन आरंभापासोन लढविले. बाईमाणूस मात्र पथकात एकच, तेही मागले रांगेत, हा दस्तूर कोण्या दुफळीत मोडला नाही.

तोच दस्तूर शिरी धरोन अनीशराव, वेणीमाधवराव आणि भिमाजी करमाळकर यांनी घरचे कॉमिक काढावयास आपले पथक उभारिले. चित्रे काढणार इंद्रायणीबाई, कारण तिघांस साधा आंबा काढता येईना. बाईंनी अर्ज केला की मुखपृष्ठी मजला पुढे उभे करावे. अनीशरावांनी फर्माविले की बाईंस अदृश्य होण्याची शक्ती बहाल केली आहे, सबब उभे राहण्याची तसदी नाही.

मग चित्रास नमुन्याचा फोटो काढणे आले, आणि महावीरास पाठीवर झूल पाहिजे, आणि सोलापुरात झूल म्हणजे चादर, म्हणोन अनीशरावांनी मातोश्री मालतीबाईंचे कपाट मारोन तीन कोऱ्या चादरी हस्तगत केल्या. गच्चीवर वारा सुटला, शेजारची धोतरे उडोन गेली, चादर तसूभर हलली नाही. भिमाजींनी टाकीवरोन उड्डाण केले ते थेट वाळत घातलेल्या कुरडयांवर उतरले.

कडकडाट ऐकोन मालतीबाई वर दाखल.

"अरे, राजनंदिनीच्या लग्नात द्यायच्या आहेराच्या चादरी की रे ह्या!"

"काकू, आमी नगं म्हनत हुतो," भिमाजी वदले.

अनीशरावांनी कॅमेरा धरोन उभ्या इंद्रायणीबाईंकडे बोट केले. "आई, हिचंच डोकं सगळं!"

"कुणाचं? मला तर तिथं कोणी दिसत नाही."

मग तिन्ही महावीर चादरींच्या घड्या घालोन कुरडयांचा चीक हाटावयास बसले, आणि बाईंनी मुखपृष्ठ सिद्ध केले. पुढे एकट्या इंद्रायणीबाई, मागे कोरा कागद, आणि त्यावर तीन नावे, तिघांसही अदृश्यतेची शक्ती बहाल. अंक छापोन पेठेत वाटला. येणेप्रमाणे फत्ते रुजू असे.

सबब बाईंचे दरबारी अनीशरावांचा विनंतीअर्ज, की सदर मोहीम घडलीच नसलेने पुढील अंकी तिघांचे निदान एकेक कोपर तरी दिसो द्यावे.